उसना नंबर

आमच्या परगण्यात घर बांधायचं असो, छप्पर बदलायचं असो की नुसता मागचा ओटा वाढवायचा असो, परवानगीचा कागद माझ्या खिडकीतून जातो. बांधकाम खात्याच्या या खिडकीवर मी इतकी वर्षं बसले आहे की अर्ज हातात आला की सांगते, हा कुणाच्या गाडीत किती उन्हं खाऊन आला आहे.

सगळ्यांत नीटनेटका अर्ज असे हार्लन प्यूचा. अक्षर वळणदार, सही लांबलचक आणि कंत्राटदाराच्या लायसन्सचा नंबर तर असा ठसठशीत, की थडग्यावर कोरायला द्यावा. हार्लननं तरुणपणी परीक्षा देऊन तो नंबर मिळवला, काही घरं बांधली, मग गुडघ्याचं निमित्त झालं आणि तो खाडीवर बोई मासे मारायला जाऊन बसला तो बसलाच. कामं थांबली नाहीत. कामं करायचा लॉनी टिलिस, त्याच्या बहिणीचा, रेलीनचा नवरा. हार्लनकडे नंबर, लॉनीकडे हात.

ही व्यवस्था सगळ्यांच्या सोयीची होती, म्हणून तर टिकली. हार्लनला बसल्या जागी वाटा मिळे. लॉनीला परीक्षेच्या वाटेला जावं लागत नसे. मिस व्हर्नाला, म्हणजे हार्लनच्या आईला आणि लॉनीच्या सासूला, मुलगा आणि जावई रविवारी एका टेबलाशी भांडणाशिवाय जेवतात याचं समाधान. गिऱ्हाइकाला काम स्वस्तात पडे. जमेची बाजू भरगच्च होती. खर्चाची बाजू कुणी उघडूनच बघितली नव्हती.

"लॉनी, एकदा ती परीक्षा देऊन टाक की रे," मी अधूनमधून म्हणायची.

"माझी परीक्षा घेणारा अजून जन्माला यायचाय, नीव्हा."

"जन्मलाय. तूच त्याच्या गावाला जात नाहीस."

"चौथीत होतो तेव्हापासून हातोडा धरतोय मी. आता पुस्तकातून शिकू, खिळा कुठल्या टोकानं मारायचा ते?"

यावर माझ्या खिडकीपुढच्या रांगेतले लोक हसायचे, आणि लॉनी हार्लनच्या सहीचा अर्ज सरकवून चालू लागायचा.

गेल्या शरदात वादळ आलं आणि मिस व्हर्नाचं छप्पर घेऊन गेलं. पुढचा अर्धा भाग शेजारच्या सॅप कुटुंबाच्या आवारात पडला, मागचा कुठे गेला ते त्या वाऱ्यालाच माहीत. हिवाळाभर निळी ताडपत्री बांधून भागवलं. एप्रिलमध्ये लॉनीनं उरलंसुरलं उतरवून नव्या कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी लाकडी सांगाडे, चढवायला घेतल्या, आणि ऐंशी ओलांडलेल्या मिस व्हर्नाला अंगणातल्या ओकखाली उभ्या केलेल्या कॅम्परमध्ये मुक्काम हलवावा लागला. तो चाकांवरचा डबा एवढा, की पलंगावर पाय लांब केले की फ्रिजचं दार उघडतं.

"जूनच्या आत मला माझ्या छपराखाली झोपायचंय," तिनं दोघांनाही बजावून ठेवलं होतं. जूनपासून आमच्याकडे वादळांचा हंगाम. "या डब्यात असताना एखादं आलं, तर मला शोधायला पार दुसऱ्या राज्यात, जॉर्जियात जावं लागेल तुम्हाला."

कैच्या उभ्या राहू लागल्या होत्या. आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या चर्चमध्ये जागृती सप्ताह आला.

बाहेरगावचा पाद्री आला होता, आवाज खणखणीत. बुधवारी संध्याकाळी साक्षी सुरू झाल्या. आमच्याकडे साक्ष म्हणजे उठून सगळ्यांपुढे आपलं पाप सांगायचं आणि हलकं होऊन जागेवर बसायचं. बहुतेक लोक बेतानं सांगतात. तंबाखू, फार तर पत्ते. हार्लन उठला तेव्हा पंखे हलवणारे हात थांबले.

"बंधू-भगिनींनो," तो म्हणाला, "बाई नाही, बाटली नाही."

मागच्या बाकांवर थोडी निराशा झाली.

"पण मी खोटं बोलत आलोय. वर्षानुवर्षं. माझ्या लायसन्सवर माझा मेहुणा लॉनी कामं करतो. मी कागदावर सही करतो आणि मासे मारायला जातो. कामावर माझं पाऊलसुद्धा पडत नाही."

"आमेन," कुणीतरी सवयीनं म्हणालं.

गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि रॉइस गॅस्किनच्या समोर माईकवर सांगणं वेगळं. रॉइस आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक, आणि सोमवार ते शुक्रवार आमच्या खात्याचा प्रमुख. परवानगी तोच देतो, तपासणीही तोच करतो. दुसऱ्या बाकावर बसला होता. त्याची मान खालून वर लाल होत गेली, ती मी मागून पाहिली. पलीकडच्या रांगेत लॉनी भजनाचं पुस्तक उलटं धरून वाचत होता.

चर्चच्या पायऱ्यांवर लॉनीनं हार्लनला गाठलं.

"देवाला सांगायचं होतं तर खाजगीत सांगता येत नव्हतं? त्याला ऐकू कमी येतं का?"

"मन हलकं झालं रे माझं."

"तुझं झालं. ते ओझं कुणाच्या डोक्यावर पडलं ते बघ!"

"लॉनी, मी खरं तेच बोललो."

"खरं बोलायचं होतं तर छप्पर झाल्यावर बोलायचं! पंधरा दिवस पाप पोटात राहिलं असतं तर काय अजीर्ण होणार होतं?"

रेलीन दोघांच्या मधे उभी राहिली, एका हातात भावाची बाही आणि दुसऱ्यात नवऱ्याची.

सकाळी रॉइस ऑफिसात आला तो टोपी न काढता बसून राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "नीव्हा, लाल कार्ड दे."

काम थांबवण्याचं कार्ड लाल असतं. मी दिलं. तो मिस व्हर्नाच्या घरी गेला आणि दाराच्या चौकटीला ते ठोकून आला. पुढे काय झालं ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण एवढं जुळतं: लॉनी शिडीवरून ओरडला, "रॉइस, तू ते देवाच्या घरात ऐकलंस!" आणि रॉइस म्हणाला, "कान दोन्हीकडे हेच नेतो मी, लॉनी. खाली उतर."

रॉइसनं लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मंडळाला कळवलं. न कळवून करतो काय, दीडशे माणसांनी ऐकलेलं. हार्लनचा नंबर चौकशी होईपर्यंत गोठवला गेला. लॉनीला सांगण्यात आलं की हे पहिल्यांदा म्हणून ताकीद आणि दंड, पुन्हा सापडलास तर कोर्ट. आणि मिस व्हर्नाच्या घरावर अर्ध्या कैच्या उभ्या, अर्ध्या अंगणात आडव्या, वर आभाळ.

सोमवारी मिस व्हर्ना स्वतः माझ्या खिडकीशी आली. चर्चला घालायचा झगा, हातात पर्स, मागे हार्लन आणि लॉनी एकमेकांपासून चार हातांवर.

"नीव्हा, मला कळलंय की घरमालकाला आपल्या घराची परवानगी आपल्या नावावर घेता येते."

"येते, मिस व्हर्ना. स्वतः राहायचं घर असेल तर."

"मग दे."

मी छापील मजकूर पुढे ठेवला. तो मालकानं स्वतः वाचून त्याखाली सही करायची असते. लॉनी म्हणाला, "सही करून टाका मिस व्हर्ना, त्यात काही नसतं." हे वाक्य मी खिडकीवर जितक्या वेळा ऐकलं, त्यातल्या निम्म्या वेळा नंतर कुणीतरी रडत आलेलं आहे.

मिस व्हर्ना चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागली. "कामावर देखरेख मी स्वतः करीन. कामगार माझे नोकर असतील. कुणाला इजा झाली तर जबाबदारी माझी. काम नियमाप्रमाणे झालं की नाही याची जबाबदारी माझी." तिनं चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं. "यात काही नसतं का?"

"म्हणजे... तसं सगळे करतात."

आतून रॉइस बाहेर आला. "मिस व्हर्ना, हा कायदा ज्याला आपलं घर आपण बांधता येतं त्याच्यासाठी आहे. दुसऱ्याला काम द्यायची पळवाट म्हणून नाही. तुम्ही नुसतं नाव देणार असाल तर हार्लनच्या नंबरात आणि तुमच्या नावात फरक काय?"

"मी नुसतं नाव देत नाही, रॉइस गॅस्किन," ती म्हणाली. "देखरेख करीन असं लिहिलंय. मी देखरेख करीन." आणि सही केली.

लॉनीला वाटलं म्हातारी गंमत करतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात घडीची खुर्ची टाकून, गवती टोपी घालून, गोड चहाचा जग शेजारी ठेवून बसली तेव्हा त्याला कळलं.

शनिवारी मी मक्याचा पाव घेऊन गेले. हार्लनही होता. साक्ष दिल्यापासून तो प्रायश्चित्त म्हणून रोज डोनट आणत असे, आणि लॉनी ते न बोलता खात असे. मिस व्हर्नाच्या मांडीवर पत्र्याची एक पट्टी होती, आणि ज्या खोक्यातून ती आली त्यातला चित्रांचा कागद.

"लॉनी, ही पट्टी काय करते?"

"कैचीला भिंतीशी धरून ठेवते, मिस व्हर्ना. वाऱ्यानं उचलू नये म्हणून."

"मग हिला एवढी भोकं आहेत आणि तू चारच खिळे का मारतोस?"

"कारखानेवाले भोकं जास्तच पाडतात. चार पुष्कळ होतात."

"का? कारखान्याला भोकं पाडायची हौस आहे?"

हार्लन हसला आणि लगेच गप्प झाला.

"या चित्रात प्रत्येक भोकात खिळा आहे," ती म्हणाली. "आणि खिळा केवढा ते बाजूला काढून दाखवलंय. तुझ्या पिशवीतला एक दे बघू."

लॉनीनं शिडीवरून खिळा टाकला. तिनं तो चित्रातल्या खिळ्यावर ठेवला. तो अर्ध्याच्या थोडा पुढे पोचला.

"हे बघा, मी चित्रं बघून घरं बांधत नाही," लॉनी म्हणाला. "सगळ्या परगण्यात माझी कामं उभी आहेत. माझ्या बापानं असंच केलं, मी असंच केलं."

"सगळी उभी आहेत?"

हा प्रश्न तिनं रागानं विचारला नाही. कुंपणापाशी जुन्या छपराचा ढीग अजून पडलेला होता, नगरपालिकेची गाडी यायची होती. ती खुर्चीतून उठली, ढिगापर्यंत गेली आणि वाकून एका तुटक्या वाशाला लोंबणारी पट्टी हातात धरली. गंजलेली. पट्टीच्या एका टोकाला चार आखूड खिळे, सरळच्या सरळ, जरासुद्धा न वाकता उपसून आलेले. बाकीची भोकं रिकामी.

"हे आधीचं छप्पर कुणी घातलं होतं?"

हातोडा थांबला. कुंपणापलीकडे सॅपांचं घर त्याच वयाचं, तेच वादळ खाऊन छपरासकट उभं होतं. ते सगळ्यांनी आजवर हजारदा पाहिलं होतं. त्या दिवशी कुणालाच तिकडे बघवेना.

"मी," लॉनी म्हणाला.

"कुणाच्या नंबरवर?"

"माझ्या, आई," हार्लन म्हणाला.

"तू वर चढून बघितलं होतंस?"

"मला वाटलं लॉनीला माहीत असेल."

"मला वाटलं चुकत असेल तर हार्लन सांगेल," लॉनी म्हणाला. "लायसन्स त्याचं आहे. परीक्षा त्यानं दिलीय."

"हार्लन, परीक्षेत हे होतं?"

हार्लननं डोनटच्या खोक्याचं झाकण लावलं. "होतं. पट्ट्यांवर अख्खा धडा होता."

मिस व्हर्ना परत खुर्चीत येऊन बसली. "म्हणजे ज्याला माहीत होतं तो वर चढला नाही, आणि चढला त्याला माहीत नव्हतं. आणि मी त्या रात्री न्हाणीघरातल्या टबात डोक्यावर गादी ओढून बसले होते."

मग लॉनी चिडक्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे, मारतो सगळ्या भोकांत! लांब खिळे आणतो. झालं?"

"हे झालं," ती म्हणाली. "हे माझ्या हाती कागद लागला म्हणून दिसलं. ज्याचा कागद माझ्या हाती लागला नाही ते?"

सोमवारी ती पुन्हा खिडकीशी. यावेळी एकटी.

"ही परवानगी माझ्या नावावरून काढ, नीव्हा. मला जमत नाही."

"तुम्ही तर रॉइसपेक्षा बरी तपासणी केलीत, असं गावात म्हणताहेत."

"गावाला काय जातंय म्हणायला! भोकं मोजता येतात मला. पण आणखी काय काय मोजायचं असतं ते कुठे माहीत आहे? मला लायसन्सवाला कंत्राटदार हवाय. स्वतःच्या नंबरवर स्वतः वर चढणारा. कोण आहे?"

"शिफारस करायची आम्हाला मनाई आहे, मिस व्हर्ना. पण बाहेर निळ्या ट्रकशेजारी एक बाई उभी आहे ना, ती तपासणीची वेळ घ्यायला आलीय. ती आली की रॉइस आधी नियमांचं पुस्तक शोधतो, मग तिला हॅलो म्हणतो. एवढंच सांगते."

ती मारिसेला ओचोआ. शेजारच्या परगण्यातली, चाळिशीची, बोलायला कमी. त्याच दुपारी ती मिस व्हर्नाच्या कैच्यांवर फिरून आली आणि खाली उतरून म्हणाली, "सुतारकाम सुरेख आहे. इतक्या सरळ कैच्या मी क्वचित बघितल्यात. फक्त धरलेल्या नाहीत. सगळ्या पट्ट्या काढून नव्या लावायच्या." मग लॉनीकडे वळून, "काम करणार का? पगारावर. विम्यात तुझं नाव घालते. पण शेवटचा शब्द माझा."

लॉनीनं ट्रकचं दार आपटलं आणि तडक माझ्या खिडकीशी आला.

"लायसन्सचा अर्ज दे, नीव्हा."

"काय म्हणालास?"

"ऐकू आलं तुला. ती बाहेरून आलेली बाई मला माझ्या सासूच्या छपरावर पगार देणार? मीच देतो परीक्षा. येतो नंबर घेऊन, मग बघू."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. अर्ज राज्याचा असतो, पण लोकांच्या सोयीसाठी आम्ही प्रती ठेवतो. तो तिथेच, काउंटरच्या टोकाला उभा राहून भरू लागला. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर झालं. मग पेन थांबलं.

"हे काय? अनुभव?"

"तू केलेली कामं लिहायची. परवानगीची नोंद असलेली. आणि ज्या लायसन्सवाल्याच्या हाताखाली नोकरी केलीस त्यानं ते खरं आहे म्हणून सही करायची."

"सोपं आहे. शाळेचं उपाहारगृह. बँकेमागची तीन घरं. सॅपांचा गोठा—नाही, तो दुसऱ्यानं केला. मेथडिस्ट चर्चचा हॉल."

"नोंद कुणाच्या नावावर आहे, लॉनी?"

त्यानं पेनाचं टोक कागदावरून उचललं.

"हार्लन तुझा मालक होता म्हणून लिहायचं, तर पगाराची नोंद हवी. ती नाही. तू स्वतः कंत्राटदार होतास म्हणून लिहायचं, तर तो गुन्हा आहे, आणि तू तो स्वतःच्या अक्षरात कबूल करतोस."

"मी या परगण्यातलं अर्धं लाकूड जोडलंय, नीव्हा."

"मला माहीत आहे. पण कागदावर तू आजवर कुत्र्याचं घरसुद्धा बांधलेलं नाहीस. ती सगळी हार्लननं बांधली. बोई मारता मारता."

मी हे मऊ आवाजात म्हणायला हवं होतं, पण माझ्या जिभेला ती सवय नाही. लॉनीनं अर्जाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली.

"तिच्याकडे काम केलं तर ते धरतील?"

"पगारावर, तिच्या परवानगीवर, तिच्या सहीनं? धरतील."

"किती वर्षं लागतात?"

"चार."

"चार वर्षं मी त्या बाईचं ऐकायचं?"

"मिस व्हर्नाचं ऐकतोस ते कितवं वर्ष?"

तो हसला नाही. पण पेन मला परत देऊन गेला, फेकून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमरेला अवजारांचा पट्टा बांधून सासूच्या अंगणात हजर झाला. मारिसेलानं त्याला पहिलं काम दिलं ते त्यानंच स्वतःच्या हातानं लावलेल्या पट्ट्या उपसायचं. रेलीन सांगत होती, तो आठवडाभर घरी जेवताना बोलला नाही, आणि मग एका संध्याकाळी एकाएकी पट्ट्यांवरच बोलत सुटला, ते आइस्क्रीम वितळेपर्यंत. हार्लनला मंडळानं दंड केला आणि नंबर वर्षभरासाठी काढून घेतला. तो आता उघडपणे मासे मारतो.

मे संपता संपता रॉइस तपासणीला गेला. नेहमीसारखा खालूनच मान वर करून बघत, वहीत खूण करायच्या बेतात होता. मिस व्हर्ना कॅम्परच्या पायरीवर उभी होती.

"मागच्या वेळीही असंच बघितलं होतंस ना, रॉइस?"

रॉइसनं वही बंद केली, टाय शर्टात खोचला आणि शिडी चढला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही पट्टी न सोडता. खाली मारिसेला हाताची घडी घालून उभी, आणि तिच्याशेजारी लॉनी, शाळेत निकाल लागायच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा. रॉइस घामानं निथळत उतरला आणि हिरवं कार्ड दाराला लावलं.

त्या शुक्रवारी मिस व्हर्नाचा पलंग घरात गेला. छपरावरचं शेवटचं काम आटोपून मारिसेला आपल्या ट्रकमध्ये दोऱ्या भरत होती. लॉनी तिच्या मागे मागे काहीतरी उचलतोय असं दाखवत फिरत होता.

"पुढचं काम कुठेय?" त्यानं शेवटी विचारलं.

"नदीपलीकडे. सोमवारी, उजाडता."

"येऊ?"

"ये. पण ती तुझी लाकडी शिडी आणू नकोस. माझ्या विम्यात ती बसत नाही."

लॉनीनं शिडीकडे बघितलं. बापाची होती. मग त्यानं ती भिंतीपासून काढली, खांद्यावर घेतली आणि सासूला विचारलं, "मिस व्हर्ना, ही तुमच्या गॅरेजमध्ये ठेवली तर चालेल?"

"ठेव," ती आतून म्हणाली. "आणि येताना कॅम्परच्या फ्रिजमधली हार्लनची बोई घेऊन ये. मला माझ्या स्वयंपाकघरात तळायचीय."